कात्रजचा घाट : वाट आणि पाणी

‘घाट’ या शब्दाचे मराठीत दोन अर्थ रूढ आहेत. पाण्यात उतरण्याच्या पायऱ्या हा एक व डोंगर ओलांडण्याची वाट हा दुसरा. युरोपीयांनी यांपैकी दुसरा अर्थ ताणून सबंध सह्याद्रीलाच ते नाव दिले. पुण्याच्या दक्षिणेस असलेल्या कात्रजच्या घाटाचा इतिहास वाटेचा आहे, तसाच पाण्याचाही आहे. परंतु लोकांच्या स्मरणात मुख्यतः वाटच राहिली.

सिंहगडापासून भुलेश्वराकडे जाणाऱ्या डोंगररांगेत हा घाट आहे. रांगेच्या उत्तर उतारावरील पाणी आंबील ओढ्याने मुठेस मिळते. दक्षिणेकडील पाणी शिवगंगेच्या खोऱ्यातून नीरेकडे जाते. दोन्ही प्रवाह अखेर भीमेतच एकत्र येतात. पुण्याहून साताऱ्याकडे जाणारा मार्ग हीच रांग ओलांडतो. १६६३ मध्ये शायिस्ताखानावरील छाप्यानंतर बैलांच्या शिंगांना पलिते बांधून मोगलांना कात्रजच्या दिशेने चकविल्याची कथा परंपरेने सांगितली जाते. तिच्या ऐतिहासिकतेचा प्रश्न बाजूस ठेवला, तरी पुण्यातून निसटण्याची वाट म्हणून लोकमानसाने हाच घाट निवडला, हे लक्षणीय आहे.

अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी या घाटाकडे निराळ्या दृष्टीने पाहिले. पायथ्याशी ओढा अडवून तलाव बांधण्यात आला आणि तेथील पाणी बंदिस्त नळांतून, केवळ उताराच्या बळावर, शहरातील हौदांपर्यंत व शनिवारवाड्यापर्यंत पोहोचविण्यात आले. नळांत कोंडणारी हवा बाहेर पडावी म्हणून वाटेत उच्छ्वास ठेवलेले होते. घाटाचा चढ प्रवाशाला कष्टाचा. तोच उतार नगराला उपकारक ठरला.

पुढे बोगद्यांनी चढ सुसह्य केला आणि शहर पायथ्यापर्यंत येऊन भिडले. पाणीपुरवठ्याची भिस्त खडकवासल्यावर गेल्याने कात्रजच्या पाण्याचे महत्त्व ओसरले. ओढ्याचे पात्र वस्तीने आवळत गेले. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री अतिवृष्टीने आंबील ओढ्यास पूर आला, काठच्या वस्त्यांत पाणी शिरले आणि अनेकांचे प्राण गेले. ज्या उतारावर पेशवेकालीन पुण्याची तहान भागली, त्याच उताराने हे पाणी आले होते.

यास्तव कात्रजच्या घाटाचा अभ्यास केवळ दळणवळणाच्या इतिहासात समाविष्ट करून भागणार नाही. त्याचा उत्तर उतार हा पुणे शहराच्याच इतिहासाचा भाग होय.