इंद्रभुवन ते हसल

१३ नोव्हेंबर १९२७. तुम्ही अमरावतीत आहात. कापसाचा हंगाम भरात आहे. जिनाकडे निघालेल्या बंड्यांनी रस्ता भरून गेलाय आणि उडणारा कापूस तुमच्या बाह्यांवर येऊन बसतोय. इंद्रभुवन थिएटरच्या दाराशी गर्दी आहे, पण आज नाटक नाही. अंबादेवीचं देऊळ अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून परिषद भरली आहे. "कायले उभे ऱ्हायता भाऊ, बसा न इथं," म्हणत एक म्हातारा सरकून तुम्हाला जागा देतो. त्याचे पाय अनवाणी आहेत, टाचा भेगाळलेल्या.

अध्यक्षस्थानी छत्तीस वर्षांचे बॅरिस्टर आंबेडकर आहेत. महाडच्या तळ्याच्या सत्याग्रहाला आठ महिने होत आले, मनुस्मृती जळायला अजून सहा आठवडे आहेत. थोरले बंधू बाळाराम आदल्या दिवशी मुंबईत गेल्याची बातमी इथंच येते. सभेवर शांतता पसरते, तरी कामकाज सुरू राहतं. नाटकाच्या मंचावर आज कुणी सोंग घेतलेलं नाही. ज्यांचं दुःख आहे तेच बोलताहेत, आपल्याच नावानं. वऱ्हाडातल्या मंचाचा इतिहास लिहायचा झाला, तर माझ्या मते तो या दिवसापासून लिहावा.

दहा-बारा वर्षं पुढे चला. जिल्ह्यातलंच एक खेडं. शेंडगावात जन्मलेल्या डेबूजीनं, म्हणजे गाडगेबाबांनी, दिवसभर खराट्यानं गाव झाडून काढलंय. रात्री कंदिलाच्या उजेडात कीर्तन सुरू होतं. तुम्ही पोथीतलं निरूपण ऐकायला म्हणून बसता आणि पहिल्याच मिनिटाला प्रश्न अंगावर येतो. कर्ज काढून सण करता का? देवाच्या नावानं बोकड कापता का? माणसाचा विटाळ मानता का? सवाल छोटा, जवाब त्याहून छोटा. गर्दी एका आवाजात उत्तर देते, बाबा ते उत्तर झेलून पुढचा सवाल टाकतात, लय वाढत जाते. मध्येच ते थांबतात. त्या थांबण्यात तुमच्या शेजारचा माणूस मान खाली घालतो, कारण सावकाराचा कागद त्याच्याच घरात आहे. मग बाबा शाळेवर येतात: हातावर भाकरी घेऊन खा, पण पोरांना शिकवा. सगळं वऱ्हाडीत, घरच्या बोलीत. वाद्यांचा डौल नाही, भरजरी पागोटं नाही. फक्त आवाज, ठेका आणि समोरच्याला गप्प बसू न देणारा प्रश्न. रॅप कशाला म्हणतात हे मला कुणी विचारलं, तर मी त्याला या कीर्तनात आणून बसवीन.

१९८१ साली क्षणभर अकोल्याला थांबा. 'अरे संसार संसार' लागलाय आणि पडद्यावरून विठ्ठल वाघांच्या 'काया मातीत मातीत'चे शब्द येताहेत. वऱ्हाडातल्या कवीची माती सिनेमात पोचली, ती अशी.

पुढचा मुक्काम आंबेडकर जयंतीचा, १४ एप्रिलच्या रात्रीचा, नव्वदच्या दशकातला. निळ्या पताका, चौकात मांडव, दोन पार्ट्यांचा कव्वालीचा जंगी सामना. एका पार्टीनं गाण्यातून सवाल टाकायचा आणि दुसरीनं तो गाण्यातूनच फेडायचा. उत्तर जमलं की माणसं उठून नोटा ठेवतात, अडखळलं की मागून हाकाटी. मंचाच्या अगदी पुढे, सतरंजी संपते तिथं मातीतच मांडी घालून पोट्टे बसलेत. रात्रीचे दोन वाजले तरी एकाच्याही डोळ्याला डोळा लागलेला नाही. ओठ हलताहेत, बोटं गुडघ्यावर ठेका धरताहेत. त्यांची शिकवणी इथं चाललीय.

अशीच शिकवणी दूर दुसरीकडेही चालते. फार काळ लोटत नाही तोच लंडनच्या पूर्व भागात, बो आणि ईस्ट हॅमच्या गरीब वस्त्यांत, काळी पोरं विनापरवाना रेडिओवरून मिनिटाला १४० ठोक्यांच्या तालावर बोलू लागतात. ते ग्राईम. डिझी रास्कलच्या पहिल्याच अल्बमला २००३ साली मर्क्युरी पुरस्कार मिळतो. ईस्ट हॅमचा केनो २०११पासून 'टॉप बॉय' मालिकेत सलीची भूमिका करतो आणि रॅपरइतकाच नट म्हणूनही ओळखला जातो. वस्तीची गोष्ट पडद्यावर न्यायची तर तिथलाच आवाज आणि तिथलाच चेहरा लागतो, हे त्यांच्या लक्षात आलं. आपल्याकडे ते दिग्दर्शक नागराज मंजुळेंनी ओळखलं.

४ मार्च २०२२. थिएटरात मंजुळेंचा 'झुंड' लागलाय. नागपूरच्या विजय बारसेंनी झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल दिला, त्यावरचा हा सिनेमा. अमिताभ बच्चन यांच्यासमोर उभी आहेत ती नागपूरच्या वस्त्यांमधून निवडलेली, कॅमेरा पहिल्यांदाच पाहणारी पोरं. अजय-अतुलचं 'लात मार' सुरू होतं आणि तुम्ही खुर्चीत सावरून बसता. हा आवाज अमरावतीच्या सौरभ अभ्यंकरचा. मंचावर तो '१०० आरबीएच' म्हणून ओळखला जातो. मुंबईच्या 'स्वदेशी' या गटाचा तो साथीदार. याच महिन्याच्या २० तारखेला त्या गटातला एमसी तोडफोड, धर्मेश परमार, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी जातो. सिनेमाचं यश आणि मित्राचं जाणं, दोन्ही एकाच महिन्यात.

२०२३च्या अखेरीस तुम्ही घरात टीव्हीसमोर आहात. 'एमटीव्ही हसल' या रॅप-स्पर्धेचा तिसरा हंगाम, परीक्षक बादशाह. मंचावर सौरभ येतो. गाड्या, पैसा, बढाई हे या खेळातलं चालणारं नाणं. तो जातीवर बोलतो, बाबासाहेबांवर बोलतो, शिक्षणावर बोलतो. दिवे झगमगताहेत, पण प्रश्न विचारायची रीत तुम्ही कंदिलाच्या उजेडात ऐकलेलीच आहे. याच गोष्टीसाठी तो मला मोठा वाटतो. मुंबईत नाव झालं म्हणून त्यानं विषय हलका केला नाही. लंडनच्या केनोसारखी भरघोस भूमिका त्याच्यासाठी आपल्या लेखक-दिग्दर्शकांनी लिहायला हवी. तो माणूस मंच तोलू शकतो, हे सगळ्या देशानं पाहिलंय.

आता तुम्ही आजच्या अमरावतीत परत आला आहात. इथल्या विद्यापीठाला गाडगेबाबांचं नाव आहे. अमरावती-अकोल्याच्या गॅदरिंगला, गणपतीला, जयंतीच्या मांडवात पाहुणे ठरवणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे: सौरभला बोलवा, मानधन द्या आणि त्याच्याआधी अर्धा तास गल्लीतल्या लिहिणाऱ्या पोरापोरींच्या हाती माईक द्या. ते कडू बोलतील. मध्येच माईक बंद करू नका.