बर्ड फ्लूनंतर पोल्ट्रीचं शेड निर्जंतुक कसं करतात? औषध फवारलं की काम संपतं का?

फेब्रुवारी 2006. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरमध्ये कोंबड्या मोठ्या संख्येनं मरायला लागल्या. तपासणीत एच5एन1 विषाणू सापडला आणि भारतात बर्ड फ्लूची पहिली नोंद झाली. त्यानंतर 15 वर्षांनी, फेब्रुवारी 2021 मध्ये, याच नवापुरातल्या पोल्ट्रींमध्ये पुन्हा बर्ड फ्लू आला.

अशा वेळी बातम्यांमध्ये पीपीई किट घातलेली पथकं, खड्डे आणि मारलेल्या कोंबड्यांचे आकडे दिसतात. पथकं निघून गेल्यावर मागे रिकामं शेड उरतं. त्यात नवी पिल्लं कधी टाकायची, हा पोल्ट्रीवाल्यासमोरचा सगळ्यात मोठा प्रश्न असतो. बँकेचा हप्ता थांबत नाही. पण घाई केली, तर नवी बॅचही हातची जाऊ शकते.

त्यामुळे शेड नीट निर्जंतुक होणं महत्त्वाचं. ते काम कसं होतं, ते पाहूया.

कोंबड्या गेल्या, मग विषाणू कुठे राहतो?

आजारी कोंबडीच्या विष्ठेतून आणि नाका-तोंडातल्या स्रावातून विषाणू बाहेर पडतो. तो जमिनीवर अंथरलेल्या तुसात, खाद्याच्या आणि पाण्याच्या भांड्यांवर, जाळीवर, अंड्यांच्या ट्रेवर, कामगारांच्या चपलांना आणि गाडीच्या चाकांना चिकटून राहतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार, एच5एन1 विषाणू पक्ष्यांच्या विष्ठेत 4 अंश सेल्सिअस तापमानाला किमान 35 दिवस टिकू शकतो. 37 अंशांना तो 6 दिवस टिकल्याचं आढळलं आहे. म्हणजे थंड आणि ओलसर जागा त्याच्या सोयीची, तर ऊन आणि कोरडेपणा त्याच्या विरोधात.

एक गोष्ट मात्र पोल्ट्रीवाल्याच्या बाजूची आहे. या विषाणूभोवती चरबीचं पातळ आवरण असतं. साबण किंवा डिटर्जंटनं ते फुटतं आणि विषाणू निकामी होतो. पण त्यासाठी साबण किंवा औषध विषाणूपर्यंत पोहोचायला हवं.

आधी धुणं, मग औषध

इथेच सगळ्यात मोठी चूक होते. विष्ठा आणि तूस तसंच ठेवून वरून औषध फवारलं जातं. विष्ठेच्या थराखाली औषध पोहोचत नाही. शिवाय ब्लीचसारख्या औषधातलं क्लोरीन त्या घाणीशीच क्रिया करण्यात खर्ची पडतं. शेडमध्ये वास येतो, काम झाल्यासारखं वाटतं, पण विषाणू खाली जिवंत राहतो.

योग्य क्रम असा आहे:

1. ओलं करणं: कोरडं तूस झाडलं की धूळ उडते आणि तिच्यासोबत विषाणूही. त्यामुळे आधी त्यावर निर्जंतुक द्रावणाचा हलका फवारा मारतात.

2. उचलणं: तूस, विष्ठा, उरलेलं खाद्य, पिसं आणि फुटकी अंडी गोळा करून खोल खड्ड्यात चुन्यासह पुरतात. खड्डा विहीर, बोअर आणि ओढ्यापासून लांब असावा लागतो. हे तूस खत म्हणून शेतात टाकणं किंवा विकणं म्हणजे रोग पुढे पाठवणं.

3. खरवडणं आणि धुणं: डिटर्जंटच्या पाण्यानं छत, मग भिंती आणि शेवटी जमीन, असं वरून खाली धुतात. उलट केलं तर धुतलेल्या जमिनीवर वरची घाण पडते. सुरुवातीला जोरदार प्रेशरचा पाइप टाळतात, कारण त्यानं तुषार उडून विषाणू पसरू शकतो.

4. वाळवणं: ओल्या जमिनीवर औषध मारलं तर ते पातळ होतं.

5. निर्जंतुकीकरण: आता औषधाची पाळी. पृष्ठभाग पूर्ण भिजेल इतका फवारा मारून लेबलवर दिलेल्या वेळेपर्यंत तो ओला राहू देतात. मारलं आणि लगेच पुसलं, तर उपयोग नाही.

कोणतं औषध कशासाठी?

सोडियम हायपोक्लोराइट: स्वच्छ धुतलेल्या सिमेंटच्या जमिनीसाठी आणि प्लॅस्टिकच्या भांड्यांसाठी उपयोगी. बाजारात 10 टक्क्यांचं द्रावण मिळालं, तर 1 भाग औषधात 4 भाग पाणी मिसळून 2 टक्क्यांचं द्रावण होतं. लोखंड मात्र यानं गंजतं.

कॉस्टिक सोडा: 10 लिटर पाण्यात 200 ग्रॅम म्हणजे 2 टक्के. सोडा पाण्यात हळूहळू टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही. यानं कातडी भाजते आणि ॲल्युमिनियम खराब होतं.

चुना: भिंतींना, जमिनीला आणि शेडभोवतीच्या मातीला.

आग: लोखंडी जाळ्या आणि पिंजऱ्यांवर फ्लेम गन फिरवतात. तूस, लाकूड किंवा गॅस जवळ असेल तर नाही.

ब्लीच आणि ॲसिड कधीही एकत्र करायचं नाही, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. फॉर्मलिनची धुरीही घातक असते. ती बंद शेडमध्ये आणि प्रशिक्षित माणसांनीच द्यावी.

काम करणाऱ्यानं मास्क, चष्मा, रबरी हातमोजे आणि गमबूट घालणं गरजेचं आहे. बर्ड फ्लू माणसांना क्वचितच होतो, पण झाला तर गंभीर ठरू शकतो.

हमखास विसरल्या जाणाऱ्या जागा

पाण्याची टाकी आणि निप्पलच्या पाइपलाइनमध्ये आतून बुळबुळीत थर साचतो. तो काढला नाही तर स्वच्छ शेडमध्ये जुनंच पाणी वाहत राहतं. पंख्यांची पाती, खाद्याची गोदामं, वजनकाटा, फावडी, घमेली आणि गाड्यांची चाकंही धुवावी लागतात. उंदीर आणि माश्यांचा बंदोबस्त करावा लागतो. जंगली पक्षी आत येणार नाहीत, अशी जाळी लावावी लागते.

परसातल्या कोंबड्यांचं काय?

घरामागच्या खुराड्याचं गणित वेगळं असतं. लाकूड आणि बांबूच्या फटींमध्ये घाण शिरते आणि ती पूर्ण निघत नाही. त्यामुळे जुनं, कुजकं खुराडं किंवा डालगं जाळून नवं करणं जास्त सुरक्षित. मातीच्या जमिनीचा वरचा थर खरवडून पुरतात आणि तिथे चुना पसरवतात.

सगळ्या रोगांना हेच चालतं का?

नाही. मानमोडीचा म्हणजे राणीखेतचा विषाणूही चरबीच्या आवरणाचा आहे, त्यामुळे तो वरच्या पद्धतीला दाद देतो. गंबोरोच्या विषाणूला असं आवरण नसतं, तो शेडमध्ये अनेक महिने टिकू शकतो. रक्ती हगवणीच्या जंतूंवर तर नेहमीची बरीच औषधं चालत नाहीत, तिथे उष्णता आणि कोरडेपणा कामाला येतो. म्हणून आधी रोगाचं निदान, मग औषधाची खरेदी.

नवी पिल्लं कधी आणायची?

बर्ड फ्लूच्या बाबतीत हा निर्णय मालकाचा नसतो. बाधित ठिकाणापासून 1 किलोमीटरचा परिसर बाधित क्षेत्र आणि 10 किलोमीटरपर्यंतचा परिसर निगराणी क्षेत्र ठरवला जातो. कोंबड्या मारणं, पुरणं आणि निर्जंतुकीकरण पशुसंवर्धन विभागाच्या देखरेखीखाली होतं. त्यानंतर तपासणी करून प्रमाणपत्र दिलं जातं, पुढेही नमुने घेतले जातात आणि परवानगी मिळाल्यावरच शेड पुन्हा भरता येतं.

शेड रिकामं राहण्याचा हा काळ वाया गेल्यासारखा वाटतो. पण कुठे कोपऱ्यात विषाणू उरला असेल, तर त्याला नवी कोंबडी न मिळणं हाही निर्जंतुकीकरणाचाच भाग आहे.

रोगाची माहिती वेळेत देणं कायद्यानंही बंधनकारक आहे. 2009 च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या कायद्यात तशी तरतूद आहे. शिवाय सरकारी भरपाई मिळते ती पथकानं मारलेल्या कोंबड्यांची, आधीच मेलेल्यांची नाही. त्यामुळे अचानक जास्त मरतूक दिसली की मेलेल्या कोंबड्या ओढ्यात किंवा रस्त्याकडेला न फेकता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवणं, यातच मालकाचाही फायदा आहे आणि शेजारच्या शेडचाही.