ओंडक्यावरचा शिक्का आणि मोटारीचा नंबर

आलापल्लीच्या किंवा बल्लारशाच्या लाकूड डेपोत आपण कधी गेला असाल, तर सागाच्या ओंडक्यावर वनखात्याच्या हातोड्याने उमटवलेला शिक्का पाहिला असेल. शिक्का लाकडावर, आणि वाहतुकीचा पास गाडीवाल्याच्या खिशात. नाक्यावरचा गार्ड दोन्ही ताडून पाहतो. नुसता पास असून भागत नाही, नुसता शिक्का असूनही नाही. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात ६३ वे कलम आहे. लाकडावरचा शिक्का खोटा उमटवणे किंवा असलेला खरवडून टाकणे हा त्यात गुन्हा ठरवला असून दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. चोरलेले लाकूड उघड विकायचे तर त्याला साव करावे लागते, आणि ते शिक्क्यावाचून होत नाही. म्हणून चोर शिक्क्याच्या मागे लागतो.

जुनी मोटार घ्यायला निघालेल्या माणसाने हा ओंडका डोळ्यापुढे ठेवावा. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलखात धान विकून, नाहीतर भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढून जुनी गाडी घेणारे पुष्कळ आहेत. एस.टी.ची फेरी मोजकी, दवाखाना दूर. गाडी ही काही त्यांची चैन नव्हे. तीच चोरीची निघाली, तर काय होते?

हा प्रश्न मोटारीबरोबर जन्मलेला नाही. आपल्या धर्मशास्त्रात 'अस्वामिविक्रय', म्हणजे मालक नसलेल्याने केलेली विक्री, असे एक स्वतंत्र प्रकरणच आहे. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या याज्ञवल्क्यस्मृतीचा निवाडा असा: दुसऱ्याने विकलेली वस्तू तिच्या खऱ्या मालकाला परत मिळावी, घेणाऱ्याने विकणारा हजर केला तर घेणारा दोषातून सुटतो, आणि आपली किंमत त्याने त्या विकणाऱ्याकडून वसूल करावी. पण ज्याच्याजवळ अशी वस्तू असण्याचा संभव नाही अशाकडून, एकांतात, फार कमी किमतीला, भलत्या वेळी जो माल घेतो, त्याला स्मृतीने चोरच म्हटले आहे. कल्याणीच्या चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्याच्या काळात विज्ञानेश्वराने या स्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. गुरे, घोडे, दागिने यांच्यासाठी सांगितलेल्या या खुणा रात्री नऊला धाब्यामागे दाखवलेल्या मोटारीला किती चपखल लागू पडतात, पहा!

आजचा कायदाही याच वाटेने जातो. १९३० च्या माल-विक्री अधिनियमाप्रमाणे, थोडे अपवाद सोडले, तर मालक नसलेल्याकडून घेणाऱ्याला मालकी मिळत नाही. गाडी जाते ती जातेच, पैशासाठी विकणाऱ्याला शोधत फिरावे लागते. चोरीची आहे असे मानायला कारण असतानाही अप्रामाणिकपणे घेतली, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे ३१७ वे कलम आहेच.

मोटारीला नंबर लावण्याची सक्ती प्रथम पॅरिसच्या पोलिसांनी १८९३ साली केली. हिंदुस्थानभर लागू होणारा मोटारींचा कायदा १९१४ चा. पुढे १९३९ चा, आणि हल्लीचा १९८८ चा, जो १ जुलै १९८९ पासून अंमलात आला. त्यानंतरच आपल्याकडे 'एमएच' ही अक्षरे आणि कार्यालयाचा आकडा आला. १९८२ साली वेगळ्या झालेल्या गडचिरोलीला ३३ मिळाला, जुन्या चांद्याला ३४.

पण पाटी म्हणजे पत्राच. खरा नंबर गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला असतो, त्याला चॅसिस नंबर म्हणतात. चोर करतो काय, तर त्याच बनावटीची, त्याच रंगाची कोणा सज्जनाची गाडी हेरतो आणि तिचा नंबर चोरीच्या गाडीला चढवतो. एका नंबरच्या दोन गाड्या! मग आपण मोबाईलवर वाहनाची सरकारी नोंद काढून पाहिली, तरी सारे बरोबरच दिसते. नोंद खरीच असते हो, ती दुसऱ्या गाडीची असते एवढेच. त्या बिचाऱ्या सज्जनाला कधी न पाहिलेल्या गावचे दंड येऊ लागतात, तेव्हा हे उघडकीस येते.

म्हणून गाडी दिवसाउजेडी, मालकाच्या दारी जाऊन पाहावी. चॅसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासावी. आरटीओतही हाच छाप घेतात. अक्षरे वाकडी, कमीजास्त खोल, भोवती घासल्याच्या खुणा किंवा तेवढाच ताजा रंग दिसला, तर चहासुद्धा न घेता परतावे. अलीकडच्या गाड्यांचा हा नंबर सतरा खुणांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ, क्यू ही अक्षरे वापरत नाहीत. इंजिनाचा नंबरही आर.सी.शी ताडावा. १ एप्रिल २०१९ पासूनच्या गाड्यांना चक्राची चकाकती खूण असलेली उच्च सुरक्षा पाटी असते आणि ती न उघडणाऱ्या कुलुपाने बसवतात. ती स्क्रूने लावलेली दिसली, तर का, ते विचारावे.

आपला मुलूख दोन राज्यांच्या सीमेवरचा. सिरोंचाहून गोदावरी ओलांडली की तेलंगण, पलीकडे छत्तीसगड. तिकडची गाडी स्वस्त मिळते म्हणून पुष्कळजण भुलतात. तेलंगणाची अक्षरे २०१४ पासून 'टीएस' होती, २०२४ पासून नव्या गाड्यांना 'टीजी' आली. दोन्ही खरी आहेत, त्यावरून घाबरू नये. पाहायचे ते ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८. ते मूळ कार्यालयाने दिलेले हवे, आणि कर्ज असेल तर ते फिटल्याचा नमुना ३५ बँकेच्या सहीचा हवा. "कागद मागाहून पाठवतो" म्हणणाऱ्याला पैसेही मागाहूनच द्यावेत.

विकणाऱ्यांसाठीही एक सांगायचे राहिले. राज्यातल्या राज्यात विक्री झाली, तर १४ दिवसांत कळवणे विकणाऱ्याचे काम, आणि ३० दिवसांत नाव चढवून घेण्यासाठी अर्ज करणे घेणाऱ्याचे. कोऱ्या फॉर्मवर सही करून किल्ली देणारे गुरुजी मी पाहिले आहेत. दप्तरी ज्याचे नाव, तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले आहे. त्या खटल्यातली गाडी तर एकामागून एक अनेकांना विकली गेली होती, आणि नाव पहिल्याच मालकाचे राहिले होते.