पडका कोट आणि मर्विन पीक

मर्विन पीक यांच्या ‘टायटस ग्रोन’ (१९४६) आणि ‘गॉर्मेनगास्ट’ (१९५०) या कादंबऱ्यांविषयी विद्यार्थ्यांची तक्रार ठरलेली असते : पाने उलटतात, पण कथानक हलत नाही. सांडोरकडच्या वाचकाने ही तक्रार करू नये, असे आम्हांस वाटते. वसईचा कोट त्याच्या पायाखालचा आहे. छप्पर नसलेली चर्चे, तटात शिरलेली झाडांची मुळे, थडग्यांच्या शिळांवरची पोर्तुगीज अक्षरे, आणि कोटाला बिलगून राहिलेली किल्लाबंदरची कोळीवस्ती त्याने पाहिलेली असते.

होरेस वॉल्पोलच्या ‘कॅसल ऑफ ओट्रँटो’पासून (१७६४) या प्रकारच्या कादंबरीत पडका वाडा म्हटला की भूत आलेच. पीक यांच्याकडे भूत नाही. आहेत ते विधी. शहात्तराव्या सरदाराने दिवसभरात काय करावे हे जुन्या पोथ्यांत लिहिलेले असते आणि ते का करावे हे कोणालाच ठाऊक नसते. तटाबाहेरच्या झोपड्यांतले लोक वर्षभर लाकडात मूर्ती कोरतात. त्यांतल्या तीन निवडल्या जातात, उरलेल्या जाळल्या जातात. आणि निवडलेल्या ज्या दालनात ठेवतात तिकडे सहसा कोणी फिरकत नाही. माणसे कारण विसरली आहेत, म्हणून आठवण ठेवण्याचे काम दगडांवर, धुळीवर आणि पर्यायाने वर्णनावर येऊन पडते. ते वर्णन कापले, तर कादंबरीत एका महत्त्वाकांक्षी स्वयंपाकघरातल्या पोराचे कारस्थान तेवढे शिल्लक राहील. (तेही रंजक आहेच.) युद्धकाळात, सैन्यात असताना हे लेखन सुरू झाले, हेही ध्यानात ठेवावे.

आमच्याकडे गुंजीकरांच्या ‘मोचनगडा’पासून (१८७१) कादंबरीत किल्ला आला, पण बहुधा पराक्रमाची जागा म्हणून. वसईचेही तसेच. १५३४ साली पोर्तुगीजांकडे गेलेली वसई १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकली. तेथे आमचे प्रकरण संपते. त्यानंतर कोट ज्या संथपणे ढासळत गेला, त्याला विजयाच्या कथेत स्थान नाही. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळावर १७२१ सालची पोर्तुगीज घंटा आहे. वसईच्या विजयाची खूण म्हणून तिच्याकडे बोट दाखवतात. घंटेवरची अक्षरे वाचायला क्वचितच कोणी थांबतो.