आम्हाला कुणी विचारलंच नाही

आमचं सुरगाणा हे देशमुखांचं छोटं संस्थान. 1948 साली ते मुंबई राज्यात विलीन झालं, पण रयतेचं मत कुणी घेतलं नाही. 1960 साली शेजारचं डांग गुजरातेत गेलं, तेव्हाही मतपेटी नव्हती. 2022च्या डिसेंबरात आमच्या सीमेवरच्या गावांनी 'रस्ते-पाणी देत नसाल तर आम्हालाही गुजरातेत जाऊ द्या' असं निवेदन दिलं, तेव्हा मला गोवा आठवला.

16 जानेवारी 1967 चं सार्वमत. गोव्यात 'फूल' म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, 'दोन पानं' म्हणजे वेगळा केंद्रशासित प्रदेश. मतदान निःपक्ष व्हावं म्हणून मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर पायउतार झाले होते. तोवर सत्ता विलीनीकरणवाद्यांची होती, तरी दोन पानं 34,021 मतांनी जिंकली. कोंकणी, नोकऱ्या, दारूबंदीची धास्ती आणि आपण एक जिल्हा होऊन बसू ही भीती, सगळंच त्यात होतं. गंमत पुढे आहे: दोनच महिन्यांनी त्याच गोव्याने बांदोडकरांचा पक्ष पुन्हा सत्तेवर आणला. माणूस हवा, त्याचा प्रस्ताव नको!

विचारलं की लोक असं उत्तर देतात, हे युरोपातही दिसलं. 2005 मध्ये फ्रान्स आणि नेदरलँड्सने सार्वमतात युरोपीय संविधान नाकारलं. फ्रान्सच्या 'नाही'त तर सरकारवरचा रागही मिसळला होता. आयर्लंडने 2008 मध्ये युरोपीय संघाचा लिस्बन करार फेटाळला. काही हमी मिळवून पुढच्या वर्षी तोच स्वीकारला. दुसऱ्यांदा विचारणं मला थोडं लबाडीचं वाटतं, पण हमी तरी पदरात पडली. सुरगाण्याला एकदाही विचारलेलं नाही.