मंकी आयलंड मालिका : चाहत्यांतील मतभेद

मंकी आयलंड ही संगणकावरील विनोदी साहसखेळांची अमेरिकी मालिका. १९९० ते २०२२ या काळात तिच्यात सहा मुख्य खेळ निघाले. कॅरिबियन समुद्रातल्या काल्पनिक बेटांवर गायब्रश थ्रीपवुड नावाचा एक धांदरट तरुण समुद्री चाचा व्हायला निघतो, गव्हर्नर इलेन मार्लीच्या प्रेमात पडतो आणि लेचक या मेलेल्या चाच्याच्या भुताशी त्याचे कायमचे वैर जडते. एवढे कथासूत्र सगळीकडे समान आहे. बाकी जवळजवळ प्रत्येक गोष्टीवर चाहत्यांमध्ये वाद आहेत. लांबलेल्या मालिकांत कोणता भाग सरस याची भांडणे नेहमीचीच. इथे मात्र कोणता खेळ मालिकेतला मानायचा आणि कोणता नाही, हाच मुख्य वाद आहे. त्याचे मूळ दुसऱ्या खेळाच्या शेवटच्या प्रसंगात सापडते.

पहिला खेळ : ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ (१९९०) लुकासफिल्म गेम्स (नंतरची लुकासआर्ट्स) या संस्थेने काढला. मुख्य रचना रॉन गिल्बर्ट यांची. लेखन व प्रोग्रॅमिंग टिम शेफर आणि डेव्ह ग्रॉसमन यांच्यासह. टिम पॉवर्स यांची ‘ऑन स्ट्रेंजर टाइड्स’ ही कादंबरी आणि डिझ्नीलँडमधील चाच्यांची सफर या दोन प्रेरणा गिल्बर्ट यांनी स्वतः सांगितल्या आहेत. खेळाडूच्या चुकीची शिक्षा म्हणून नायकाला पदोपदी मारून टाकण्याची त्या काळची पद्धत, विशेषतः सिएरा कंपनीच्या खेळांतली, गिल्बर्ट यांना मान्य नव्हती. १९८९ च्या एका लेखात त्यांनी तिच्यावर सविस्तर टीका केली होती. या खेळात गायब्रश मरतो तो फक्त समुद्राच्या तळाशी दहा मिनिटे काहीही न करता बसून राहिल्यास, कारण तेवढाच वेळ श्वास रोखता येतो अशी त्याची बढाई असते.

या खेळाबद्दल मतभेद सर्वांत कमी आहेत. तलवारबाजीचे त्यातले रूप तर सर्वमान्य आहे. तलवार चालवायला कौशल्य लागत नाही, जीभ लागते. प्रतिस्पर्ध्याने टोमणा मारायचा, आपण त्याला चपखल उत्तर द्यायचे. उत्तर सुचले नाही की माघार. आपल्याकडच्या शाहिरी सवाल-जवाबाच्या बारीत बसलेल्या माणसाला हा प्रकार समजावून सांगावा लागणार नाही. वाटेत भेटणाऱ्या चाच्यांकडून हरत हरत टोमणे आणि उत्तरे गोळा करायची. मग तलवारबाजीची उस्ताद कार्ला अगदी निराळे टोमणे मारते आणि जुनीच उत्तरे नव्या प्रश्नांना बसवावी लागतात. यांतले काही टोमणे विज्ञानकथालेखक ऑर्सन स्कॉट कार्ड यांनी लिहून दिले होते. कोड्यांच्या रचनेच्या दृष्टीने मालिकेत याहून चांगले काही झाले नाही, असे प्रस्तुत नोंदीचे मत आहे.

वाद आहे तो आवृत्त्यांचा. मूळ खेळ १६ रंगांत होता, २५६ रंगांची आवृत्ती नंतर आली. मार्क फेरारी यांनी मोजक्या रंगांच्या ठिपक्यांतून उभी केलेली मेले नावाच्या बेटावरची निळी रात्र नंतरच्या रंगसंपन्न आवृत्तीत हरवली, असे मानणारा एक छोटा पण हट्टी गट आजही आहे. जंगलातल्या झाडाच्या बुंध्याचा विनोदही असाच. त्या बुंध्यात डोकावले की खेळ अस्तित्वातच नसलेली २२ वी, मग ३६ वी, मग ११४ वी फ्लॉपी मागतो. काही ग्राहकांना ते खरेच वाटले, मदतकेंद्राकडे विचारणा झाल्या आणि पुढच्या आवृत्तीतून हा विनोद काढून टाकला गेला. तो काढायला नको होता यावर मात्र सर्व गटांचे एकमत आहे.

दुसरा खेळ आणि त्याचा शेवट : ‘मंकी आयलंड २ : लेचक्स रिव्हेंज’ (१९९१) हा रचनेच्या अंगाने बहुतेक जाणकार सर्वोच्च मानतात. पार्श्वचित्रे आधी कागदावर रंगवून मग संगणकात घेतली गेली. स्टीव्ह पर्सेल आणि पीटर चॅन यांचे हे काम. मायकेल लँड आणि पीटर मॅकॉनेल यांनी घडवलेली आयम्यूज ही संगीतयंत्रणा या खेळात प्रथम वापरली गेली, आणि तिच्याकडे चाहत्यांच्या भांडणात अन्यायाने दुर्लक्ष होते. वुडटिक हे जुन्या जहाजांच्या सांगाड्यांतून उभे राहिलेले गाव तिचा उत्तम नमुना आहे. गायब्रश गावातून चालत असतो तेव्हा एक धून वाजत असते. तो एखाद्या जहाजात शिरला की तीच धून ताल न तुटता त्या जागेच्या वाद्यांत आणि वळणात शिरते, आणि तो बाहेर आला की मूळ जागी परतते. जोड कुठे बसवला ते कानाला कळत नाही. त्या काळच्या बहुतेक खेळांत जागा बदलली की संगीत सरळ कापले जाई.

शेवट असा : भुयारात गायब्रश आणि लेचक यांची गाठ पडते, लेचक आपण त्याचा भाऊ असल्याचे सांगतो, मुखवटा निघतो, आणि दोघेही लहान मुलगे होऊन एका करमणूक-उद्यानात आईवडिलांसमोर उभे राहतात. म्हणजे आधीचे सगळे मुलांच्या खेळातले होते. पण जाता जाता लेचकच्या डोळ्यांत ठिणगी दिसते, आणि तिकडे खड्ड्याच्या काठावर उभी इलेन, लेचकने गायब्रशवर काही मंत्र तर टाकला नाही ना, अशी शंका बोलून दाखवते. काहींना ही शुद्ध फसवणूक वाटली, काहींना मालिकेतला सर्वांत धाडसी क्षण. १९९२ मध्ये गिल्बर्ट यांनी संस्था सोडली व ह्यूमंगस एंटरटेनमेंट ही कंपनी काढली. उत्तर त्यांच्याबरोबर गेले. पुढची तीस वर्षे ‘खरे रहस्य’ काय, हा प्रश्न चाहत्यांनी जागता ठेवला आणि गिल्बर्ट यांनीही तो मिटवला नाही.

तिसरा खेळ : ‘द कर्स ऑफ मंकी आयलंड’ (१९९७). जोनाथन ॲकली व लॅरी अहर्न यांनी नेतृत्व केले. उद्यानाचा प्रसंग लेचकच्या शापाचा भाग होता, असा खुलासा करून कथा पुढे नेली. मूळ लेखकाविना दिलेले हे उत्तर ज्यांना पटले नाही ते मालिका इथेच संपली असे मानतात. त्यांची संख्या मोठी नाही, आवाज मोठा आहे. चित्रशैली ठिपक्यांची न राहता व्यंगपटासारखी झाली, गायब्रश उंच आणि काटकुळा झाला. त्यावरही त्या वेळी कुरबुर झाली. आज हीच शैली अनेकांना मालिकेची सर्वांत सुंदर शैली वाटते, आणि पंचवीस वर्षांनंतरच्या वादात तिचाच दाखला ‘खरी’ शैली म्हणून दिला गेला. पात्रांना आवाज प्रथमच मिळाले. डॉमिनिक आर्माटो यांचा गायब्रश, अलेक्झांड्रा बॉइड यांची इलेन, अर्ल बोएन यांचा लेचक आणि बोलकी कवटी मरे यांना विरोधक फारसे नाहीत. समुद्रावरच्या टोमणेबाजीत उत्तराचे यमक जुळवावे लागते, ही पहिल्या खेळातल्या कल्पनेची चांगली वाढ होय. एका भेगेतून डोके काढले असता पहिल्या खेळातल्या त्याच बुंध्यातून गायब्रश बाहेर डोकावतो. जाणत्यांसाठी ठेवलेली ही खूण आहे. इलेनला बराच काळ सोन्याचा पुतळा करून ठेवणे आणि शेवट घाईने गुंडाळणे, हे दोन दोष समर्थकही कबूल करतात.

आज्ञापद्धती : खेळाडू नायकाला काम कसे सांगतो, हा मुद्दा चाहत्यांच्या चर्चेत चित्रांइतका गाजत नाही, वस्तुतः खेळाचा स्वभाव त्यानेच ठरतो. मूळ खेळात पडद्याच्या तळाशी १२ क्रियापदे होती : उघड, ढकल, दे, बघ इत्यादी. दुसऱ्यात ती ९ झाली. तिसऱ्यात एका नाण्यावर हात, डोळे व तोंड अशा तीनच खुणा उरल्या. क्रियापदे कमी झाली तशी चुकीच्या आज्ञेला मिळणारी गमतीदार उत्तरेही कमी झाली, आणि विनोदाचा मोठा भाग अशा उत्तरांतच होता. मॅनिएक मॅन्शन (१९८७) या खेळासाठी गिल्बर्ट व ॲरिक विल्मंडर यांनी तयार केलेली स्कम ही प्रणाली तिसऱ्या खेळानंतर वापरातून गेली.

चौथा खेळ : ‘एस्केप फ्रॉम मंकी आयलंड’ (२०००), रचना शॉन क्लार्क व मायकेल स्टेमल यांची. पसंतीच्या यादीत चाहते याला बहुधा तळाला ठेवतात. परंतु प्रकाशनाच्या वेळी समीक्षकांनी याचे चांगले स्वागत केले होते, हे आता विसरले जाते. ग्रिम फँडँगो (१९९८) या खेळाची त्रिमितीय प्रणाली सुधारून वापरली गेली. माउस गेला, गायब्रशला कळफलकाने वळवून चालवावे लागे. ‘मंकी कॉम्बॅट’ या प्रकारावर सर्वाधिक राग आहे. माकडांच्या पाच पवित्र्यांपैकी प्रत्येक पवित्रा दोघांना हरवतो व दोघांकडून हरतो. एका पवित्र्यातून दुसऱ्यात जाण्यासाठी माकडभाषेतले शब्द लागतात आणि ते शब्द प्रत्येक नव्या डावात बदलतात. कागद-पेन्सिल घेऊन तक्ता मांडल्याशिवाय निभाव लागत नाही. गणिती रचना म्हणून कल्पना वाईट नाही. टोमणेबाजीत मात्र उत्तर हसवत असे, इथे हसण्यासारखे काही हाती लागत नाही.

कथेबाबतची तक्रार अधिक गंभीर आहे. मंकी आयलंड बेटावरचा वेडसर संन्यासी हर्मन टूथरॉट हा इलेनचा हरवलेला आजोबा निघतो, आणि तिथले माकडाचे प्रचंड शिर हे यंत्रमानवाचे शिर ठरते. दोन्ही गोष्टी आधीच्या खेळांशी जुळत नाहीत. बेटे बळकावून पर्यटनस्थळे करणारा ऑस्ट्रेलियन जमीनदलाल ऑझी मँड्रिल हा खलनायक काहींना आज अधिक अर्थपूर्ण वाटतो.

पाचवा खेळ : ‘टेल्स ऑफ मंकी आयलंड’ (२००९), टेलटेल गेम्स, जुलै ते डिसेंबर दरम्यान पाच भागांत. ग्रॉसमन यात पुन्हा आले. पहिले दोन भाग साधारण, शेवटचे दोन उत्तम, असे सर्वसाधारण मत. चौथ्या भागाच्या अखेरीस गायब्रशचा खरोखर मृत्यू होतो.

नव्या रूपातील आवृत्त्या : पहिल्या दोन खेळांच्या ‘स्पेशल एडिशन’ २००९ व २०१० मध्ये निघाल्या, पहिलीतील गायब्रशची केशरचना थट्टेचा विषय झाली.

सहावा खेळ : २०१२ मध्ये डिझ्नीने लुकासफिल्म विकत घेतली, २०१३ मध्ये लुकासआर्ट्सचे खेळनिर्मितीचे काम बंद झाले. त्याच वर्षी गिल्बर्ट यांनी आपण पुन्हा असा खेळ केला तर कसा करू, हे जाहीरपणे लिहिले. तो जुन्या वळणाचा असेल, दुसऱ्या खेळाच्या शेवटापासून सुरू होईल आणि नंतरचे खेळ आपल्या विश्वात धरले जाणार नाहीत, असा त्याचा आशय. हे लिहिणे मनातला विचार म्हणून होते. चाहत्यांच्या एका गटाने ते वचन मानले.

एप्रिल २०२२ मध्ये ‘रिटर्न टू मंकी आयलंड’ची घोषणा झाली. गिल्बर्ट आणि ग्रॉसमन लेखक, रेक्स क्राउल कलादिग्दर्शक, लँड, मॅकॉनेल व क्लिंट बजाकियन संगीतकार. क्राउल यांची कोनदार, कागद कापून केल्यासारखी चित्रे पाहताच वाद पेटला. ठिपक्यांची चित्रे हवीत असे म्हणणाऱ्यांना गिल्बर्ट यांचे उत्तर असे होते की १९९० मध्ये ती शैली म्हणून निवडलेली नव्हती, त्या वेळच्या यंत्रांवर जेवढे शक्य होते तेवढे केले होते. उत्तर सरळ आहे, पण अपुरे; २०१७ मध्ये ‘थिंबलवीड पार्क’ हा ठिपक्यांच्या शैलीतला खेळ त्यांनीच केला होता, याकडे विरोधकांनी बोट दाखवले. जूनअखेर टीका व्यक्तिगत शिवीगाळीपर्यंत घसरली. गिल्बर्ट यांनी प्रतिक्रिया बंद केल्या आणि खेळाविषयी लिहिणे थांबवत असल्याचे सांगितले. या थरावर जाणारे चाहत्यांपैकी किती होते, यावर मते वेगवेगळी आहेत.

१९ सप्टेंबर २०२२ रोजी खेळ आल्यावर चित्रांचा वाद बराचसा विरला; त्याची जागा शेवटाने घेतली. कथा उद्यानातच सुरू होते, परंतु तिथली मुले गायब्रशचा मुलगा आणि त्याचे सवंगडी निघतात, आणि पुढचे सर्व गायब्रश मुलाला सांगत असतो. इलेनशी लग्न, मरे, आर्माटो यांचा आवाज हे नंतरच्या खेळांतले सारे स्वीकारले गेले. बोएन निवृत्त झाल्यामुळे लेचकचा आवाज जेस हार्नेल यांनी दिला. अखेरीस गायब्रश एका दारातून पुन्हा उद्यानाच्या गल्लीत येतो, रहस्याची पेटी उघडली तर आत एक टी-शर्ट सापडतो, आणि कथा कुठे सोडायची हे बरेचसे खेळाडूच्या हाती राहते. निराश झालेल्यांचे म्हणणे, तीस वर्षे थांबून उत्तर टाळले गेले. दुसरा पक्ष म्हणतो, टाळणे हेच उत्तर. टी-शर्टचा विनोद पहिल्या खेळातल्या मेले बेटावरच्या खजिन्यातलाच असल्याने हा दुसरा अर्थ अधिक सयुक्तिक दिसतो. कोडी सोपी झाल्याची तक्रार मात्र ग्राह्य आहे. मदतीची वही खेळातच दिलेली असल्याने अडून बसण्याचा जुना अनुभव उरत नाही.

साधनांविषयी : गिल्बर्ट यांनी आपल्या कामाविषयी विपुल लिहिले आहे, तिसऱ्या व चौथ्या खेळाच्या रचनाकारांचे लेखन त्या मानाने थोडे आहे. पहिला, दुसरा व सहावा हेच ‘अस्सल’ या मताला छापील बळ मिळते ते काही अंशी त्यामुळे, आणि प्रस्तुत नोंदही त्यातून सुटलेली नाही.

चित्रपट : मालिकेवर चित्रपट निघालेला नाही.

मुख्य खेळांखेरीज, २०२३ मध्ये ‘सी ऑफ थीव्ज’ या सामूहिक खेळात ‘द लेजंड ऑफ मंकी आयलंड’ ही तीन भागांची कथा आली. तिच्यात आर्माटो यांचाच आवाज आहे. ती मालिकेत धरावी की नाही, यावरही दोन मते आहेत. मालिकेचे हक्क लुकासफिल्ममार्फत डिझ्नीकडे आहेत.