प्रेमकथेचा प्राध्यापक

हरिभाऊ आपट्यांनी प्रेमकादंबरी लिहायचं मनावर घेतलं असतं, तरी त्यांना नायिका कुठून मिळाली असती? १८९० साली त्यांनी पुण्यात ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो?’ लिहिली. तेव्हा सदाशिव-नारायण पेठांतल्या मुलींची लग्नं आठव्या-दहाव्या वर्षी उरकलेली असत. दुसऱ्याच वर्षी संमतिवयाचा कायदा आला. वय दहाचं बारा करण्यावरून या शहरात टिळक आणि सुधारक यांच्यात असं काही रण माजलं की त्याचे पडसाद पुढे कित्येक वर्षं उमटत राहिले. अशा गावात तरुण-तरुणीची ओळख होणार कशी, भेटी होणार कुठे आणि पसंती कळवणार कोण? हरिभाऊंच्या यमूच्या वाट्याला म्हणूनच आधी सासर येतं, नंतर वैधव्य. मन जुळण्याचा प्रसंगच तिच्या आयुष्यात नाही.

त्याआधीच्या मराठी कादंबरीत शृंगार नव्हता असं नाही, भरपूर होता. हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ची, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ची. पण ते सगळं घडायचं राजेरजवाड्यांच्या कुठल्यातरी कल्पित मुलखात. खऱ्या पेठेत, खऱ्या वाड्यात प्रेम घडवायचं तर त्याला जागा हवी होती, आणि ती जागा कुणा लेखकाच्या प्रतिभेने मिळाली नाही. ती शाळा-कॉलेजांनी दिली. हुजूरपागेची मुलींची शाळा १८८४ची, फर्ग्युसन कॉलेज १८८५चं, कर्व्यांचं महिला विद्यापीठ १९१६चं. विसाव्या शतकाचं तिसरं दशक उजाडलं तेव्हा हातात वह्या-पुस्तकं घेऊन कॉलेजला निघालेली अविवाहित मुलगी पुण्याच्या रस्त्यावर दिसू लागली होती. लोक वळून बघत असतील, नावंही ठेवत असतील, पण ती होती.

तिच्याशी नुसता स्नेह जोडणंही सोपं नव्हतं. फर्ग्युसनमध्ये फारसी शिकवणारे माधव जूलियन हे रविकिरण मंडळातले मोठे प्रेमकवी. एका विद्यार्थिनीशी असलेल्या स्नेहावरून वादळ उठलं आणि त्यांना कॉलेज सोडावं लागलं. पुढे त्यांना आसरा मिळाला तो कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात.

त्याच राजाराम कॉलेजात तर्कशास्त्र आणि मानसशास्त्र शिकवायला नारायण सीताराम फडके होते. जूलियन यांना ज्या गोष्टीपायी नोकरी गमवावी लागली, तिचाच फडक्यांनी रीतसर व्यवसाय केला. तोही प्राध्यापकी सांभाळून.

फडके जन्मले नगर जिल्ह्यातल्या कर्जतला, ४ ऑगस्ट १८९४ रोजी. शिक्षण पुण्यात झालं. ‘मेणाचा ठसा’ ही त्यांची पहिली गोष्ट १९१२ साली ‘केरळ कोकिळ’मध्ये छापून आली, तेव्हा ते जेमतेम अठराचे होते. पहिली कादंबरी ‘अल्ला हो अकबर!’ १९१७ची. मेरी कॉरेली या त्या काळी इंग्लंडात तुफान खपणाऱ्या लेखिकेच्या ‘टेंपोरल पॉवर’वर ती बेतलेली होती. कॉरेलीला तिकडचे समीक्षक नाक मुरडत आणि वाचक डोक्यावर घेत. फडक्यांच्या नशिबातही पुढे नेमकं हेच लिहिलेलं होतं. ‘कुलाब्याची दांडी’ १९२५ची. मग ‘जादूगार’ (१९२८), ‘दौलत’ (१९२९), ‘अटकेपार’ (१९३१), ‘निरंजन’ (१९३२) अशी रांगच लागली. या तारखांशेजारी आणखी एक तारीख मांडून बघण्यासारखी आहे. मुलीच्या लग्नाचं किमान वय चौदा ठरवणारा शारदा कायदा १९२९ साली संमत झाला आणि १९३०च्या एप्रिलपासून अमलात आला. ‘दौलत’ आणि हा कायदा एकाच वर्षाचे. कायदा चौदा म्हणत होता, फडक्यांनी नायिकेला थेट कॉलेजात नेऊन बसवलं.

ही नायिका टेनिस खेळते, मोटारीतून फिरते, इंग्रजी कादंबऱ्या वाचते. ती दारातून आत आली की साडीचा रंग, पदर घेण्याची ढब, केसांची ठेवण, माळलेली फुलं हे सगळं आधी येतं. ती बोलते ते मागाहून. नायक सुशिक्षित, देखणा आणि पैशाच्या विवंचनेपासून बऱ्यापैकी दूर. दोघांची गाठ योगायोगाने पडते, कसलातरी गैरसमज होतो, मध्ये तिसरं माणूस येतं, आणि वाचकाचा जीव टांगणीला लागला असतानाच प्रकरण संपतं. ज्या घरात ‘मुलगी दाखवणे’ हा एकच मार्ग ठाऊक होता, तिथल्या वाचकाला हे केवढं नवं असेल! यात स्वप्नरंजन होतं यात शंका नाही. पण दोन तरुण माणसं एकमेकांशी सरळ वाक्यांत कशी बोलतील याचा नमुनाही मराठी मध्यमवर्गाला इथेच पहिल्यांदा वाचायला मिळाला, आणि याचं श्रेय फडक्यांना टीकाकारांनी फारसं कधी दिलं नाही.

लेखक म्हणून फडक्यांची खरी गंमत वेगळीच आहे. प्रेमकथा लिहिणारा माणूस म्हणजे चांदण्यात हरवलेला, लहर लागली की लिहिणारा, अशी आपली समजूत असते. फडके लहरीवर विसंबणारे नव्हतेच. गोष्ट रचता येते, रचनेचे नियम असतात आणि ते शिकता-शिकवता येतात, हा त्यांचा ठाम विश्वास होता. १९३१च्या ‘प्रतिभासाधन’ या पुस्तकात त्यांनी तो सविस्तर मांडला. नावातच सगळं आलं. प्रतिभा ही देणगी म्हणून स्वस्थ बसायचं नाही, ती साधायची. कथानकाची गुंफण, पात्रांची योजना, निवेदनाची पद्धत, उत्कंठा कुठे ताणायची आणि सुरुवात कशी पकड घेणारी करायची, याचा पाठच त्यांनी होतकरू लेखकांना घालून दिला. ‘तंत्र’ म्हटलं की फडके, असं समीकरणच होऊन बसलं. या पुस्तकावर क्लेटन हॅमिल्टन या अमेरिकन अभ्यासकाची छाप होती, आणि तेवढं कोलीत आचार्य अत्र्यांना उसनवारीचा आरोप करायला पुरेसं होतं. अत्रे-फडके वादाने त्या काळच्या मराठी वाचकांची झकास करमणूक केली. अत्रे हातात कोलीत घेऊन कधी नुसते उभे राहत नसत.

उसनवारीचा आरोप बाजूला ठेवला तरी शिस्त उसनी आणता येत नाही. १९१७ ते १९७८ या एकसष्ट वर्षांत सत्तरहून अधिक कादंबऱ्या म्हणजे सरासरी वर्षाला एकापेक्षा जास्त. शिवाय कथासंग्रह, ‘गुजगोष्टी’सारखे लघुनिबंध, चरित्रं, समीक्षा, आणि १९४९च्या सुमारास निवृत्त होईपर्यंत कॉलेजातली व्याख्यानं. लिहायला बसायची वेळ ठरलेली असल्याशिवाय आणि ती पाळल्याशिवाय एवढा मजकूर हातून उतरत नाही. लघुनिबंध तर मराठीत रुजवणाऱ्यांतच त्यांची गणना होते.

याच लेखकाचं एक इंग्रजी पुस्तक त्याच्या कादंबऱ्यांच्या वाचकांनी बहुधा कधी हातात धरलं नसेल. ‘सेक्स प्रॉब्लेम इन इंडिया’ हे ते पुस्तक, १९२७चं. त्याला प्रस्तावना आहे अमेरिकेतल्या संततिनियमन चळवळीच्या अध्वर्यू मार्गारेट सँगर यांची. त्याच वर्षी मुंबईत र. धों. कर्व्यांनी याच विषयावरचं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं. म्हणजे कादंबरीत चुंबनापाशी पान उलटणारे फडके संततिनियमनाच्या प्रश्नावर मात्र इंग्रजीत उघड आणि निःसंकोच लिहीत होते. पुस्तकात सुप्रजननाचा पुरस्कारही आहे आणि तो आज वाचताना खटकतो. तरीही स्त्री-पुरुष संबंधांचा विचार हा माणूस केवळ मोगऱ्याच्या गजऱ्यापुरता करत नव्हता, एवढं त्यातून स्वच्छ दिसतं.

स्वतःच्या आयुष्यातही त्यांनी लोकांना बोलायला विषय दिला. पहिली पत्नी असताना त्यांनी कमल दीक्षित यांच्याशी दुसरा विवाह केला. त्या कमला फडके पुढे स्वतः कादंबरीकार म्हणून नावारूपाला आल्या. टीका व्हायची ती झालीच. फडक्यांनी मात्र आत्मचरित्राला नाव दिलं ‘माझं जीवन : एक कादंबरी’.

फडके आणि खांडेकर यांच्यातला ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा वाद शाळेच्या पाठ्यपुस्तकांपर्यंत पोचला, म्हणून त्यावर इथे शाई खर्चायला नको. त्याहून खरं उत्तर फडक्यांना दुसरीकडून मिळालं. १९३३ साली विभावरी शिरूरकर या नावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न लांबलेल्या मुलींच्या या कथा. बुरख्याआडची लेखिका कोण यावर तर्कवितर्क झाले, गदारोळ उठला. त्या होत्या बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर. महिला विद्यापीठ काढणाऱ्या कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेत शिकलेल्या. फडके ज्या मुलीला टेनिस कोर्टावर बघत होते, ती खोलीवर परतल्यावर काय विचार करते हे या बाईंनी लिहिलं. दोघांची पुस्तकं शेजारी ठेवून वाचली तरच त्या दशकातलं पुणं पुरतं दिसतं.

वाचणारे कोण होते? विकत घेणारे थोडे, वाचनालयातून आणणारे अफाट. पुणे नगर वाचन मंदिर १८४८पासूनचं, पुणे मराठी ग्रंथालय १९११चं. खाकी कव्हर, आत संस्थेचा शिक्का, परतीच्या तारखांची चिकटवलेली चिठ्ठी आणि दुपारची आवराआवर झाल्यावर मिळणारे तास-दोन तास. मराठी प्रेमकादंबरीचा बाजार या दुपारवर उभा राहिला. पुढे गल्लोगल्लीच्या खासगी वाचनालयांनी आणि दिवाळी अंकांनी तो कैक पटींनी वाढवला.

त्या वाढलेल्या बाजारातलं मोठं नाव चंद्रकांत काकोडकर. आणि त्यांच्यावरच्या खटल्याची सुरुवात झाली पुण्याच्याच कोर्टात. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकात त्यांची ‘श्यामा’ ही कथा आली. निशिकांत नावाचा कवी आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या तीन स्त्रिया. अश्लीलतेच्या आरोपावरून लेखक-प्रकाशकांवर फिर्याद झाली. पुण्याच्या दंडाधिकाऱ्यांनी त्यांना सोडलं, उच्च न्यायालयाने दोषी धरून पंचवीस रुपये दंड केला, आणि काकोडकर सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६९च्या ऑगस्टमध्ये ते निर्दोष सुटले. कथा वाङ्मयीन दृष्ट्या फार उंचीची नाही, असा अभिप्रायही न्यायालयाने जाता जाता दिला. पण मुख्य मुद्दा वेगळा होता. शृंगाराचा नुसता उल्लेखही अश्लील ठरवायचा तर तरुणांना धार्मिक पुस्तकांखेरीज काही वाचताच येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. मराठी दिवाळी अंकातल्या एका बेताच्या कथेने देशाच्या अश्लीलताविषयक कायद्यात आपली जागा करून घेतली. त्याच वर्षी काकोडकरांच्या ‘नीलांबरी’वरून निघालेला राजेश खन्नाचा ‘दो रास्ते’ पडद्यावर आला आणि धो धो चालला. त्याच्या कथेसाठी काकोडकरांना फिल्मफेअर मिळालं.

साहित्यात मात्र वारं तोवर फिरलं होतं. १९६२ साली फडक्यांना पद्मभूषण मिळालं, आणि १९६३ साली पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने पंचविशीतल्या भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ छापली. तिचा पांडुरंग सांगवीकरही पुण्यात कॉलेजला येतो, होस्टेलवर राहतो, पण फडक्यांचं कॉलेज त्याला कुठेच सापडत नाही. ‘कोसला’नंतर फडके वाचतो असं सांगायला साहित्यातल्या लोकांना संकोच वाटू लागला. तो काही अंशी अन्यायच होता. ‘दौलत’ आज पुन्हा वाचवत नाही हे खरं, पण ‘प्रतिभासाधन’ आणि ‘गुजगोष्टी’ उघडून बघावीत अशी आजही आहेत. १९४०च्या रत्नागिरी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष राहिलेले फडके २२ ऑक्टोबर १९७८ रोजी पुण्यात वारले. शहरात त्यांच्या नावाचा चौक आहे आणि तिथे सिग्नलला थांबणाऱ्या बहुतेकांनी त्यांचं एकही पुस्तक वाचलेलं नसावं.